गाणे कुणाचे? – 'म्बुबे' या झुलू गीताच्या निमित्ताने

'द लायन किंग' हा चित्रपट १९९४ साली आला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुलांनी तो टीव्हीवर पाहिला असेल. त्यात एक रानडुक्कर आणि त्याचा चिमुकला सोबती रानातून चालता चालता एक गाणे गुणगुणतात. शब्द इंग्रजी, सिंह आज रात्री झोपला आहे अशा अर्थाचे. चाल इतकी सोपी की एकदा ऐकली की दिवसभर तोंडातून जात नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलाने ते ऐकून विचारले, "हे गाणं कुणाचं?" आम्ही वर्तमानपत्रातून डोके वर न काढता सांगितले, "अमेरिकेचं असेल." उत्तर चुकले होते. ते कसे चुकले, हे समजून घेताना आम्हाला एका अभ्यासविषयाची ओळख झाली. तीच प्रस्तुत लेखात, विशेषतः विद्यार्थी मित्रांसाठी, करून देत आहोत.

आम्ही संगीताचे जाणकार नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. कला शाखेची पदवी घेतली आणि पोट भरतो ते बँकेच्या काउंटरवर. सा रे ग म ओळखता येते, त्यापलीकडे गती नाही. परंतु या विषयाला गाता येणाराच माणूस लागतो असे नाही. प्रश्न विचारणारा माणूस मात्र लागतो.

इंग्रजीत या विषयाला एथ्नोम्युझिकॉलॉजी म्हणतात. मराठीत डॉ. अशोक दा. रानडे यांनी १९७५ साली 'लोकसंगीतशास्त्र' या नावाचा ग्रंथ लिहिला. नावात 'लोक' आहे म्हणून हा फक्त खेड्यातल्या गाण्यांचा अभ्यास, असा समज करून घेऊ नये. दरबारी गायन असो, सिनेमाचे गीत असो की गोठ्यात म्हटलेली ओवी, ते कोण म्हणतो, कुठे, केव्हा, कुणापुढे आणि कशासाठी म्हणतो, हे सारे सुरांच्या जोडीने तपासणे म्हणजे हा अभ्यास.

याची सुरुवात एका मोजमापातून झाली. युरोपातील विद्वानांची एके काळी अशी ठाम समजूत होती की त्यांचे स्वरसप्तक हेच निसर्गाने दिलेले, आणि बाकीच्यांचे कानच कच्चे. अलेक्झांडर एलिस या इंग्रज पंडिताने १८८५ साली सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पून निरनिराळ्या देशांची वाद्ये मोजली आणि दाखवून दिले की सप्तक एकच नाही. माणसांनी ती अनेक घडवली आहेत, आणि कोणतेही एक दुसऱ्यापेक्षा अधिक 'नैसर्गिक' नाही. एक साधे मोजमाप, पण त्याने उच्च-नीचतेच्या एका मोठ्या समजुतीला तडा गेला. त्याआधी १८७७ साली एडिसनने ध्वनी साठवणारे यंत्र केले होते. १८९० साली अमेरिकेत जेसी फ्युक्स यांनी ते यंत्र घेऊन तेथील आदिवासींची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवली, आणि १९०० साली बर्लिनमध्ये अशा ध्वनिमुद्रणांचे संग्रहालय उभे राहिले. 'एथ्नोम्युझिकॉलॉजी' हे नाव रूढ केले ते जावा बेटावर काम केलेल्या याप कुन्स्ट या डच अभ्यासकाने, १९५० साली. पुढे १९६४ मध्ये अॅलन मेरियम या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने सांगितले की संगीताचा अभ्यास तीन अंगांनी करावा लागतो. नुसता ध्वनी पाहून भागत नाही. गाताना-वाजवताना माणसे कशी वागतात ते पाहावे लागते, आणि संगीत म्हणजे काय याबद्दल त्यांच्या मनात काय कल्पना आहेत तेही विचारावे लागते. एवढी तोंडओळख पुरे. आता आमच्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू.

ते गाणे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, झुलू भाषेतले. नाव 'म्बुबे', म्हणजे सिंह. रचणारा आणि गाणारा सोलोमन लिंडा. त्याचा जन्म १९०९ चा, नाताळ प्रांतातील म्सिंगा भागातला. (या प्रांताच्या नावाचा आपल्या नाताळ सणाशी खरोखरच संबंध आहे, वास्को द गामा १४९७ च्या ख्रिसमसला त्या किनाऱ्याजवळून गेला म्हणून ते नाव पडले.) लहानपणी गुरे राखली, मिशनच्या शाळेत थोडे शिक्षण झाले, तिथे ख्रिस्ती प्रार्थनागीते आणि एकत्र गाण्याची पद्धत कानावर पडली. १९३१ साली तो पोटासाठी जोहान्सबर्गला आला.

तो का आला, हे पाहिल्याशिवाय गाणे समजत नाही. १८८६ साली जोहान्सबर्गच्या परिसरात सोने सापडले आणि खाणींना माणसे हवी झाली. स्वतःच्या शेतावर आणि गुरांवर सुखाने जगणारा माणूस खाणीत उतरत नाही. त्याला उतरवावे लागते. सरकारने डोईपट्टी बसवली. नाताळमध्ये १९०६ साली या पट्टीविरुद्ध उठाव झाला आणि तो चिरडला गेला. पट्टी रोख भरायची, आणि रोख पैसा मिळणार मजुरीतूनच. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातील बहुसंख्य आफ्रिकी लोकांसाठी सुमारे ७ टक्के जमीन ठेवली. १९३६ साली ती मर्यादा वाढवून १३ टक्क्यांच्या आसपास नेली. त्यामुळे पुरुष शहरात आणि बायका-मुले गावाकडे, अशी घरेच्या घरे दुभंगली. शहरातही राहायचे ते मजुरांच्या वसतिगृहात, खिशात परवाना बाळगून. परवाना नसला तर अटक.

या वसतिगृहांत शनिवारी रात्री गाण्याच्या स्पर्धा भरत. आठवडाभर राबलेली माणसे शनिवारी उशिरा जमत आणि रविवार उजाडेपर्यंत एकामागून एक संघ गात राहत. वाद्य एकही नाही. एक पुढारी गायक, आणि मागे जाड आवाजाच्या गायकांची फळी. सगळ्यांचे कपडे एकसारखे, इस्त्रीचे सूट, चकचकीत बूट, काही संघांचे हातमोजेही पांढरे. आठवडाभर ज्यांना 'बॉय' म्हणून हाक मारली जाते, ती माणसे शनिवारच्या रात्री साहेबासारखी उभी राहत. पाहणाऱ्याला हा नुसता थाट वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. अंगावर चांगले कपडे घालण्याचा हक्क ज्यांना सहज मिळाला नाही, त्यांना त्या सुटाची किंमत सांगावी लागत नाही.

फाइट एर्लमान या अभ्यासकाने या गायनप्रकाराचा सविस्तर अभ्यास केला. त्यातली एक गोष्ट आम्हाला विलक्षण वाटली. स्पर्धेचा परीक्षक म्हणून बाहेरचा, बहुधा गोरा, माणूस आणला जाई. कित्येकदा रस्त्यावरून सहज भेटलेला. त्याला झुलू भाषा येत नसे, गाण्याची रीतही ठाऊक नसे. मग तो काय परीक्षा करणार? पण हेच तर हवे होते. तो कुठल्याच संघाचा नातेवाईक नाही, गाववाला नाही, म्हणून पक्षपाताचा संशय नाही. ध्वनिमुद्रिका ऐकून हे कधीच कळले नसते. म्हणूनच अभ्यासकाला त्या खोलीत, त्या रात्री, जागे बसावे लागते.

या गायकीला पुढे इसिकाथामिया असे नाव रूढ झाले. त्यातला 'क' आपल्यासारखा नाही. हळहळताना आपण जिभेने दातांशी 'च्च्' करतो, तसा तो आवाज आहे. मूळ शब्दाचा अर्थ मांजरासारखे हलक्या पावलांनी चालणे. गावाकडच्या झुलू नाचात पाय जोराने आपटतात; इथे मात्र पाऊल अलगद टेकते. वसतिगृहात पाय आपटले तर पहारेकरी धावून येत, म्हणून पावले हलकी झाली, असे गाणारे सांगतात. 'लेडीस्मिथ ब्लॅक मांबाझो' हा जगप्रसिद्ध झालेला संघ याच परंपरेतला. अमेरिकन गायक पॉल सायमनबरोबर १९८६ साली त्यांनी गायल्यानंतर ही गायकी जगभर पोहोचली.

या परंपरेची मुळे तपासली तर 'अस्सल' आणि 'भेसळ' हे शब्द वापरताना जीभ अडखळावी. तिच्यात झुलू लग्नांतली गाणी आहेत, मिशनमधील प्रार्थनागीते आहेत, आणि अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय गायकांचाही वाटा आहे. गुलामगिरीत जन्मलेले ऑर्फियस मॅकअडू हे आपला गायकसंघ घेऊन १८९० साली दक्षिण आफ्रिकेत आले आणि त्यांनी गावोगाव कार्यक्रम केले. आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलेल्यांच्या वंशजांनी अमेरिकेत जी गाणी घडवली, ती अशा रीतीने पुन्हा आफ्रिकेत आली, तिथल्या मजुरांनी ती आपलीशी केली आणि त्यांत आपले मिसळले. आता पुढे पाहा.

सोलोमन लिंडाने 'इव्हनिंग बर्ड्स' नावाचा संघ बांधला. पट्ट्यांचे सूट ही त्यांची ओळख. मागच्या फळीत जाड आवाजाचे गायक वाढवणे आणि त्यांच्यावर स्वतःचा उंच, जवळजवळ बाईसारखा आवाज तरंगत ठेवणे, ही लिंडाची करामत. त्या सुमारास तो गॅलो कंपनीच्या रेकॉर्ड छापण्याच्या कारखान्यात, रूडपूर्ट येथे, रेकॉर्डी बांधण्याचे काम करत होता. १९३९ साली याच कंपनीच्या जोहान्सबर्गमधील स्टुडिओत संघाने 'म्बुबे' गायले. लहानपणी गुरे राखताना सिंहाला हुसकावल्याची आठवण त्यात आहे, असे सांगतात. तीन वेळा गाऊन पाहिले. तिसऱ्या वेळी शेवटी शेवटी लिंडाने आयत्या वेळी एक उंच सुरावट घेतली, पूर्वी न ठरवलेली. काही सेकंदांची ती सुरावट हीच पुढे साऱ्या जगाच्या तोंडी बसलेली चाल. दहा वर्षांत त्या रेकॉर्डीच्या सुमारे १ लाख प्रती खपल्या आणि दक्षिण आफ्रिकेत त्या धाटणीच्या गाण्याला 'म्बुबे' असेच नाव पडले. एका माणसाच्या गाण्यावरून सबंध गायकीला नाव मिळावे, असे क्वचितच होते.

यानंतरची हकीकत कागदपत्रांची आहे, आणि तिथे आमची बँकेतली नजर थोडी कामी आली.

त्या रेकॉर्डीची एक प्रत अमेरिकेत अॅलन लोमॅक्स यांच्याकडे पोहोचली. लोमॅक्स हे लोकगीतांचे फार मोठे संग्राहक. तुरुंगांत, शेतांत, वस्त्यांत जाऊन त्यांनी हजारो गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांनी ती पीट सीगर या गायकाला दिली. सीगर यांनी ती पुन्हा पुन्हा ऐकून कागदावर उतरवली. झुलू शब्द नीट कळला नाही, म्हणून कानाला जसे ऐकू आले तसे 'विमोवे' लिहिले, आणि त्यांच्या 'वीव्हर्स' या संघाने त्याच नावाने १९५१ साली ते ध्वनिमुद्रित केले. गीतकार-संगीतकार म्हणून नाव लागले 'पॉल कॅम्पबेल' यांचे. या नावाचा माणूसच नव्हता! पारंपरिक, कुणाच्याच मालकीचे नाही असे समजून घेतलेल्या गाण्यांचे मानधन जमा करण्यासाठी केलेले ते नाव होते. आमच्या भाषेत बेनामी खाते.

दरम्यान जोहान्सबर्गला १९५२ साली लिंडाने एका कागदावर सही केली. गाण्याचे सारे हक्क त्याने गॅलो कंपनीला दिले, १० शिलिंगांना. पूर्वीच्या हिशोबाने २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे अर्धा पौंड. काउंटरवर बसून आम्ही अशा सह्या पुष्कळ पाहिल्या आहेत. कागद इंग्रजीत, अक्षर बारीक, समोर कोट घातलेला साहेब, आणि सही करणारा माणूस 'कुठे करू?' एवढेच विचारतो. कशावर करू, असे विचारत नाही. सही खरी असते, तारीख खरी असते, रक्कम मिळाल्याची पावतीही खरी असते. कागदात दोष काढता येत नाही. लिंडाची सही पाहण्याचा योग आला नाही, पण तो प्रसंग आम्हाला अनोळखी वाटत नाही.

१९६१ साली अमेरिकेत त्या चालीवर जॉर्ज वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवे इंग्रजी शब्द बसवले आणि 'द टोकन्स' या तरुण संघाने 'द लायन स्लीप्स टुनाइट' गायले. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात सिंह घनदाट जंगलात झोपतो. झुलू मुलूख गवताळ डोंगरांचा. जंगल ही भर अमेरिकेची. आणि इथे ते वर्तुळ पुरे होते. गुलामांच्या वंशजांची गायकी, मिशनची शाळा, रेल्वे, खाण, वसतिगृह, स्टुडिओ, कारखाना या साऱ्यांतून तयार झालेले हे पूर्णपणे आधुनिक, शहरी, मजुरांचे गाणे अमेरिकेत पोहोचले ते 'आदिम जंगलाचा आवाज' म्हणून. एकदा जंगलाचे म्हटले की ते कुण्या माणसाचे राहत नाही.

लिंडा १९५९ साली गाता गाता रंगमंचावर कोसळला आणि १९६२ साली मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. त्याच्या बँक खात्यात २५ डॉलरहूनही कमी शिल्लक होती, अशी नोंद वाचली आणि आम्ही पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले. त्याच्या कबरीवर दगड बसवायला त्याच्या पत्नीला १८ वर्षे लागली. या सुमारास त्याचे गाणे देशोदेशीच्या रेडिओवर वाजत होते.

सगळेच लबाड होते असे मात्र म्हणता येणार नाही. सीगर यांना जेव्हा कळले की हे लोकगीत नसून एका जिवंत माणसाची रचना आहे, तेव्हा त्यांनी लिंडाला १००० डॉलर पाठवले आणि मानधन त्याला द्यावे असे प्रकाशकाला कळवले. पुढे म्हातारपणी, आपण यात पुरेसे लक्ष घातले नाही याची खंतही त्यांनी व्यक्त केली. ते सज्जन होते, कामगारांच्या आणि काळ्यांच्या हक्कांच्या लढ्यात उभे राहिलेले होते. लोमॅक्सही तसेच. म्हणून तर ही गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. इथे चोरी करणारा हात शोधण्यापेक्षा एक शब्द शोधावा लागतो. तो शब्द 'पारंपरिक'.

रेकॉर्डीवर, पुस्तकात, कार्यक्रमपत्रिकेत गाण्यापुढे 'पारंपरिक' लिहिले की ते आदराने लिहिले आहे असे वाटते. पण बारकाईने पाहता त्या शब्दाचा एक व्यावहारिक अर्थ होतो, की इथे कुणाला विचारायचे नाही आणि कुणाला द्यायचे नाही. युरोपातला एखादा संगीतकार झोपडीत राहिला तरी त्याच्या रचनेखाली त्याचे नाव असते. आफ्रिकेतल्या, आपल्याकडच्या, गरीब वस्त्यांतल्या माणसाने रचले की ते 'लोकांचे' होते. जणू त्या लोकांत स्वतंत्र प्रतिभेचा एक माणूस निपजूच शकत नाही; सगळे मिळून झाडासारखे गाणे उगवतात. एलिसने मोडलेली उच्च-नीचता अशी मागच्या दाराने परत आली.

अभ्यासकही यातून सुटलेले नाहीत. ह्यू ट्रेसी यांनी १९५४ साली आफ्रिकी संगीताचे मोठे संग्रहालय स्थापन केले. ते ठिकाण रूडपूर्टजवळच, जिथे लिंडा रेकॉर्डी बांधत होता. ट्रेसींनी अफाट काम केले. त्यांनी टिपले नसते तर पुष्कळ संगीत आज ऐकूही आले नसते. पण त्यांचा ओढा जुन्या, गावाकडच्या संगीताकडे. शहरातले मिश्र संगीत त्यांना बिघडलेले वाटे. त्यांच्याकडे काम केलेले जॉन ब्लॅकिंग यांनी वेगळी वाट धरली. यंत्र घेऊन गावामागून गाव फिरण्याऐवजी ते १९५६ ते १९५८ या काळात वेंडा लोकांमध्ये राहिले, मुलांबरोबर बसून त्यांची गाणी शिकले, चुकले की मुले दुरुस्त करत. संगीत ही मोजक्या प्रतिभावंतांची देणगी, असे वेंडा मानत नाहीत. प्रत्येक माणसाला ते येऊ शकते असे मानतात. १९७३ च्या आपल्या पुस्तकात ब्लॅकिंग यांनी उलट युरोपलाच प्रश्न केला की, तुम्ही बहुसंख्य लोकांना 'तुला गाता येत नाही' असे का सांगता? अभ्यासाला गेलेला माणूस असा स्वतःकडेच प्रश्न घेऊन परतला, तर तो अभ्यास खरा.

लिंडाच्या प्रकरणाचा शेवट न्यायालयाच्या दारात झाला. दक्षिण आफ्रिकेतील पत्रकार रियान मालान यांनी २००० साली एक दीर्घ लेख लिहून साऱ्या कागदपत्रांचा माग काढला. लिंडाच्या मुली तेव्हा सोवेटो वस्तीत हलाखीत राहत होत्या. प्रकरण वरकरणी हरल्यातच जमा होते, कारण सह्या होत्या. लिंडाची १९५२ ची, त्याच्या विधवेची १९८३ ची, मुलींची १९९२ ची. पण ओवेन डीन या कायदेतज्ज्ञाने एक जुनी तरतूद शोधून काढली. ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या कायद्यात असे होते की लेखकाने हयातीत हक्क विकले तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत येतात. लिंडा १९६२ ला गेला. १९८७ ला हक्क परत आले. साम्राज्याचा कायदा साम्राज्याच्या प्रजेच्या कामी आला! २००४ साली डिस्ने कंपनीवर दावा लावताना त्या कंपनीच्या दक्षिण आफ्रिकेतील दोनशेहून अधिक ट्रेडमार्कांवर जप्ती आणण्यात आली. ज्यांनी कर्जवसुलीचे काम केले आहे त्यांना या चालीतली खुबी कळेल. परदेशी कंपनीला आपल्या न्यायालयात खेचायचे तर तिची काहीतरी मालमत्ता इथे धरावी लागते. फेब्रुवारी २००६ मध्ये गाण्याचे हक्क असलेल्या प्रकाशकाशी तडजोड झाली. वारसांना मागचे मानधन आणि पुढचा वाटा मिळाला, इंग्रजी गाणे 'म्बुबे'वरून निघाले हे मान्य झाले आणि सहरचनाकार म्हणून सोलोमन लिंडाचे नाव लावायचे ठरले. रक्कम जाहीर झाली नाही.

आपल्याकडेही या दिशेने चांगले काम झाले आहे. १९८२ साली भारतात या विषयासाठी स्वतंत्र संग्रहालय व संशोधन केंद्र स्थापन झाले, ते आता गुरुग्रामला आहे. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बाबासाहेबांवरच्या, आपल्या वस्त्यांतल्या बायकांनी रचलेल्या ओव्याही त्यांत आहेत. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' या संस्थेमार्फत लोकांपुढे येत आहे. त्याची आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की ओवीबरोबर गाणारीचे नाव असते, गाव असते, आणि शक्य तिथे तिचा फोटोही असतो. लिंडाच्या अमेरिकन रेकॉर्डीवर जे नव्हते, ते इथे आहे.

आता स्वतःबद्दल. लिंडाची हकीकत वाचताना आम्ही इतरांवर बरेच रागावलो होतो. मग एके दिवशी कपाटातली एक जुनी कॅसेट हाती लागली. १९९७ साली, कॉलेजात असताना, मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणून आत्याच्या गावी तिची आणि शेजारच्या एका बाईंची गाणी भरली होती. कव्हरवर आमच्याच अक्षरात लिहिले होते, 'लोकगीते – जात्यावरची'. बस्स, एवढेच. ना नाव, ना गाव, ना तारीख. साल आठवले ते परीक्षेच्या आधाराने.

आत्या जाऊन बरीच वर्षे झाली. दुसरा आवाज कुणाचा, हे घरात कुणालाच सांगता येईना. शेवटी कॅसेटवरचे मोबाईलवर उतरवून घेतले आणि गावी गेलो. वस्तीतल्या एका वयस्कर आजींच्या कानाशी मोबाईल धरला. त्यांनी दोनच ओव्या ऐकल्या. मधेच गाणारीला ठसका लागतो, तिथे त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आरं बाळा, ही तर आमची..." आणि नाव सांगितले. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "आन् जात्यावरचं कोन म्हनलं हे? हे खडीवरचं हाय. भात्तरच्या दुस्काळात तिनंच जोडलं व्हतं, आमी समद्या मागनं म्हनायचो."

१९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडताना, हातोडीच्या ठेक्यावर ते गाणे त्या बाईंनी रचले होते. आम्ही ते पंचवीस वर्षे जात्यावरचे, आणि कुणाचेच नाही, असे समजून जपून ठेवले होते. पुन्हा ऐकल्यावर लक्षात आले की ठेका जात्याच्या गोल फेऱ्याचा नाहीच. तो तुटक आहे, घाव पडल्यासारखा. आमच्या कानांनी ते पंचवीस वर्षांत ऐकले नव्हते, कारण कव्हरवर 'जात्यावरची' लिहिलेले होते.

म्हणून विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवतो. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. घरातल्या, वस्तीतल्या वडीलधाऱ्यांची गाणी भरून घ्या. पण आधी त्यांना विचारा, आणि भरताना पहिल्या मिनिटात त्यांच्याच तोंडून नाव, माहेर, सासर, गाव आणि तारीख बोलवून घ्या. हे गाणे कुणाकडून शिकलात, की तुम्हीच जोडले, हा प्रश्न चुकवू नका. ते कोणत्या कामाच्या वेळी म्हणत, मागे कोण म्हणत असे, आता का म्हणत नाही, तेही विचारा. मधेच भांडे पडले, नातू रडला, ठसका लागला तर ते कापून टाकू नका. आणि मुद्रणाची एक प्रत गाणाऱ्याच्या घरी द्या. पहिला हक्क तिथला आहे.

आमच्या कॅसेटवर आता नवे कव्हर आहे. त्यावर दोन्ही बायांची नावे, गाव, खडीच्या कामाचे ठिकाण आणि साल लिहिले आहे. या लेखात त्या बाईंचे नाव छापलेले नाही. त्यांचा नातू मुंबईला असतो असे कळले. त्याच्या पत्त्यावर मुद्रणाची प्रत आणि पत्र पाठवले आहे, आणि नाव छापायला त्याची हरकत नाही ना, असे विचारले आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.